‘पोकळ’ या शब्दाबद्दलची हरकत

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली आणि तो शब्द कार्यवृत्तात घेण्यात आला. जबाबदार: सचिव. दिवाळीच्या सुट्टीत, महाविद्यालयात एकही विद्यार्थी नसताना, रसायनशास्त्र विभागाच्या मागील खोलीचे कुलूप काढून आतील बाटल्या बेसिनमध्ये ओतण्यात आल्या. जबाबदार: प्राचार्य. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी सर गेले. याला जबाबदार कोण, हे मी लिहीत नाही. दाखल्यात हृदयविकार असे नमूद आहे, आणि पुराव्याशिवाय आरोप करण्याची सवय मला नोकरीने लावलेली नाही. होळीच्या आधीच्या शनिवारी त्याच सभागृहात शोकसभा झाली आणि तीत त्याच शब्दाचा सख्खा भाऊ शोभेल असा दुसरा शब्द वापरण्यात आला. जबाबदार: अध्यक्ष.

नावे मी देत नाही, पदे देतो. नावे निवृत्त होतात. पद उत्तरास बांधलेले राहते.

मी दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो आणि सदर शिक्षण संस्थेचा आजीव सभासद आहे. म्हणजे मला विचारण्याचा अधिकार आहे. तो मी पत्रांद्वारे वारंवार वापरला. पोचपावत्या माझ्याकडे आहेत, लेखी उत्तर एकाही पत्राचे नाही. म्हणून हे आता लोकांसमोर मांडतो. परंतु वाद समजण्याआधी माणूस समजला पाहिजे, आणि तो माणूस समजावून सांगणे हे नोटीस लिहिण्याइतके सोपे नाही.

सर संस्थेच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत आणि आमच्या वर्ध्याच्या घरी गच्चीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. अविवाहित, सडपातळ, शर्टाचा खिसा नेहमी एका बाजूला ओघळलेला. त्या खिशात पेन नसे; छोटी विजेरी असे. कोणी समोर पेला ठेवला, की त्यात काय आहे हे चाखण्याआधी ते विजेरीचा झोत पेल्यातून आरपार सोडत आणि बाजूने डोळा लावून पाहत. वरणाचे पाणी, दह्यावरची निवळ, साबूदाणा धुतलेले पाणी, काहीही. निव्वळ पाण्यातून झोत गेला तर पाण्यात काही दिसत नाही. पण पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तरंगत असतील, तर झोताची निळसर रेघ उमटते. ती रेघ हेच त्यांचे दैवत होते.

पवनारला माझ्या भाच्याचे लग्न होते, तेथे मी त्यांना आग्रहाने नेले. पंगतीत त्यांनी मठ्ठ्याचा पेला उचलला, हलवू न देता वरच्या निवळीतून विजेरी लावली. वाढपी थांबला.

“काय पायता जी? माशी पडली काय?”

“नाई जी. माशी असती तं दिसली असती. जे दिसत नाई, ते पाहून राह्यलो.”

“थंडा होऊन जाईन ना मठ्ठा!”

“तो थंडाच असते, बावा,” सर म्हणाले, आणि सगळी पंगत हसली. वाढप्याने मग स्वतःच वाकून त्या पेल्यात पाहिले. त्याला रेघ दिसली की नाही, कोण जाणे, पण पुढे प्रत्येक फेरीला तो सरांकडे येऊन विचारी, “दिसली काय जी?”

मी त्या वेळी शरमलो होतो, हे नाकारत नाही. आज कोणत्याही पंगतीत मठ्ठा वाढला गेला की माझा हात रिकाम्या खिशाकडे जातो.

सरांचे काम एका वाक्यात सांगणे शक्य होते आणि ते त्यांनी कधीही सांगितले नाही. ते प्रथिनांपासून गोळे करीत. अंड्याचा पांढरा भाग, दूध, सोयाबीन यांतील प्रथिने घेऊन, त्यांना एका विशिष्ट बहुवारिकाबरोबर, म्हणजे प्लॅस्टिकच्या दूरच्या नात्यातल्या पण पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाबरोबर, आंबट पाण्यात एकत्र आणायचे. आंबट पाण्यात दोघांना एकमेकांची ओढ लागते आणि ते गोळे होऊन बसतात. हे गोळे इतके लहान की सूक्ष्मदर्शकालाही सहज सापडू नयेत. त्यांतही सरांचा जीव होता तो आतून पोकळ असणाऱ्या गोळ्यांवर.

“लाडू वळताना मधात गुळाचा खडा ठेवा,” ते माझ्या पत्नीला सांगत. “त्याच्यावर सालीसारखा लाडू वळा. सालीले टाके घाला, म्हंजे सुटली नाई पायजे. मंग असं पाणी टाका, का साल जशीच्या तशी राह्यते अन् गूळ तेवढा विरघळून बाहेर येते. झाला पोकळ लाडू.”

“अन् गूळ वाया?” पत्नी विचारी.

“गूळ वाया जाईन वहिनी, पण जागा झाली ना!”

ती जागा औषधासाठी होती. आंबट पाण्यात गोळे आक्रसून घट्ट बसतात, खारट-सोड्याच्या पाण्यात फुगून उघडतात. पोटात आंबट, पुढे आतड्यात तसे नाही. म्हणजे आत ठेवलेले औषध पोटातून सुखरूप जाऊन नेमके पुढे उघडेल, असा त्यांचा विचार. याला इंग्रजी नियतकालिकांत मोठे नाव आहे. सर म्हणत, “ऐकणारे गोळे.” कधी चिडले तर म्हणत, “हे गोळे आपल्या प्राचार्यापेक्षा जास्त ऐकते. लिंबू पिळलं का बंद, सोडा टाकला का उघडे. माणसाले किती लिंबू पिळाचं सांगा.”

आमच्या घरात अंडे येत नसे. सर गच्चीवर अंड्यांचे ट्रे आणू लागले, तेव्हा मी त्यांना भाडेकराराचा हवाला देऊन रीतसर नोटीस बजावली. दुर्गंधी, शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे आणि गल्लीतील कुत्री असे मुद्दे होते. पांढरा भाग काढून घेतल्यावर उरलेले पिवळे बलक सर सकाळी कुत्र्यांना घालत आणि आमच्या गल्लीतील कुत्र्यांच्या अंगावर त्या काळी अशी काही तकाकी आली होती की लोक आपापल्या गल्लीतून पाहायला येत. ती नोटीस मला आजही योग्य वाटते. सर ती वाचून खाली आले.

“उत्तर लेखी पायजे काय, नाझरसाहेब?”

“लेखी.”

संध्याकाळी दाराखालून गाळण कागदाचा एक गोल तुकडा आत सरकला. त्यावर लिहिले होते: “मान्य. उद्यापासून दूध.”

दूध अंड्यांपेक्षा लवकर नासते, हे मला नोटीस लिहिताना सुचले नव्हते.

दर रविवारी ते जामच्या फाट्यावर बस बदलून गिरडजवळच्या आपल्या गावी आईकडे जात. वडील बुद्धविहाराचे काम पाहत, ते कधीच वारले होते. आई शेतात जायचे थांबली नव्हती. गिरडच्या टेकडीवर गोल दगड सापडतात. लोक सांगतात, एका व्यापाऱ्याने तेथल्या दर्ग्याच्या बाबांशी लबाडी केली, तेव्हा त्याच्या गाडीतील सुपाऱ्या आणि जायफळे दगड झाली. तसला एक दगड सरांच्या टेबलावर असे. पाहुणा आला की तो त्याच्या हातात देत.

“भरीव हाय, पाहा. बाबानं खायच्या मालाचा दगड केला. मले उलटं कराचं हाय. दगडासारखा दिसन, पण आतमंदी जागा पायजे.”

एका रविवारी गावाहून परतले ते जिना न चढता सरळ आमच्या बैठकीत आले. चेहरा असा, जणू कोणी पुरस्कार जाहीर केला.

“मायले समजलं जी!”

“काय समजले?”

“तिनं विचारलं, तू वर्ध्यात काय करून राह्यला? मी म्हणलो, पोकळ गोळे. तं म्हणे, पोकळ? अन् मंग पुरन कोन भरन?” ते टाळी वाजवून हसले. “सारं जग माह्या गोळ्याची साल मोजून राह्यलं. हिनं थेट पुरनाचंच विचारलं!”

मग थोडे थांबून म्हणाले, “मी तिले सांगतलं, माय, भोक अन् पोकळी एक नाई. भोकातून सारं निघून जाते. पोकळीत ठेवता येते.”

यानंतरच ते हळदीकडे वळले. हळदीचा पिवळा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, आणि सोड्याच्या पाण्याशी गाठ पडली की लाल होतो. हे प्रत्येक गृहिणीला साबणाने हळदीचा डाग धुताना ठाऊक होते. त्यांनी पोकळ गोळ्यांत हळदीचा रंग भरला. एका रविवारी गावी न जाता त्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन पेले मांडले. एकात लिंबू पिळलेले पाणी, दुसऱ्यात खायचा सोडा घातलेले पाणी. दोन्हीत आपल्या बाटलीतून थोडे थोडे ओतले. लिंबाच्या पेल्यातले पिवळे जसेच्या तसे राहिले. सोड्याच्या पेल्यातले काही वेळ पिवळेच होते. मग तळापासून वर, सकाळी आभाळ उजळावे तसे, तांबूस होत गेले.

“उघडले,” सर हळूच म्हणाले, कोणी झोपेतून उठत असावे अशा आवाजात.

पत्नीने दोन्ही हात जोडले. मी जोडले नाहीत. मला विचारायचे होते की लाल रंग गोळे उघडल्यामुळे झाला की न उघडताच सोडा आत शिरल्यामुळे. विचारले. सरांनी माझ्याकडे अशा आनंदाने पाहिले की तो चेहरा मला आता कोठेही सापडत नाही.

“वा, नाझरसाहेब! हीच तं उलटतपासणी पायजे. बसा. सांगतो.” आणि जेवण थंड होईपर्यंत सांगत राहिले.

त्या शब्दावर आमचे भांडण याच सुमारास झाले. सर विभागाच्या ज्या मागील खोलीत प्रयोग करीत, तिच्या वापराबाबत संस्थेने मराठीत अहवाल मागितला होता. सरांनी लिहिले, “प्रथिनांपासून पोकळ गोळे.” मी त्यांना स्पष्ट सांगितले की ‘पोकळ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, पोकळ बांबू आणि पोकळ आश्वासन. ज्या कागदाचे दोन अर्थ होतात, तो कागद वाचणाऱ्याच्या सोयीने वाचला जातो. मी ‘अंतरवकाशयुक्त गोलक’ असा पर्याय सुचविला.

“हे कोन आहे?” सरांनी विचारले. “कोन्या तहसीलदाराचं नाव वाटते.”

“शब्द निर्दोष आहे.”

“निर्दोष हाय, पण माह्या मायले समजन काय? पोकळ म्हंजे पोकळ. त्यात लाजाचं काय?”

मी माझे म्हणणे त्यांना लेखी दिले होते. ते त्यांनी वाचले, नीट घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवले.

आता सभेकडे येतो. सभा महाविद्यालयाच्या सभागृहात होती. मागील खोली स्पर्धा परीक्षेच्या वर्गास द्यावी, असा विषय होता. सर झोळीत ती बाटली, दोन पेले, एक लिंबू आणि सोड्याची पुडी घेऊन आले होते. मी आजीव सभासद या नात्याने दुसऱ्या रांगेत, त्यांच्या शेजारी होतो. सरांचे नाव पुकारले गेले. ते उठून झोळीची गाठ सोडू लागले, तेवढ्यात सचिवांनी हात वर केला.

“सर, येवढा टाइम नाई. थोडक्यात सांगा. हे गोळे भरीव हायेत का पोकळ?”

“पोकळ.”

“म्हंजे आतमंदी काई नाई?”

“आता नाई. भराले जागा हाय.”

“मंग इतके दिवस काय करून राह्यले जी तुम्ही?”

“आतमंदी काही नसनं टिकवून राह्यलो,” सर म्हणाले. “साल न फुटू देता. ते लय कठीण असते.”

सभागृह हसले. मी अनेक सभागृहे हसताना ऐकली आहेत. हे हसू पवनारच्या पंगतीचे नव्हते. सचिवांनी लेखनिकाकडे वळून सांगितले, “घ्या लिहून. संशोधन पोकळ आहे, असं सरांनी सोताच मान्य केलं.”

मी उभा राहिलो. “हरकत आहे. गोळे पोकळ आहेत, असे विधान झाले. संशोधन पोकळ आहे, असे विधान झालेले नाही.”

“नाझरसाहेब,” अध्यक्ष म्हणाले, “हे कोर्ट नाई. बसा.”

मी बसलो नसतो. पण माझ्या बाहीला कोणीतरी ओढले. सर होते.

“बसा जी. प्रयोग पायल्यावर समजन त्याईले.”

प्रयोग झाला नाही. विषय मंजूर झाला आणि भोजनाची घोषणा झाली. सर जेवायला थांबले नाहीत. परतताना रस्त्याच्या कडेला तर्री-पोह्यांच्या गाडीवर त्यांनी मला बसविले, झोळीतले लिंबू काढले, चिरायला दिले आणि अर्धे माझ्या पोह्यांवर, अर्धे स्वतःच्या पोह्यांवर पिळले.

“लिंबू काऊन वाया घालवाचं?” ते म्हणाले.

तो शब्द कार्यवृत्तातून काढून टाकण्यासाठी कोणत्या तरतुदीखाली अर्ज करायचा, हे मी त्यांना सांगत होतो. ते ऐकत होते आणि मान डोलावत होते. अखेर म्हणाले, “तुम्ही लिहा जी. तुमाले बरं वाटते. मले गोळे करू द्या. मले त्याच्यानं बरं वाटते.” घरी आल्यावर सोड्याची पुडी पत्नीला दिली आणि बाटली माझ्या हाती दिली. “हे तुमच्या फ्रिजमंदी ठेवा. खराब होत नाई, औषध टाकलेलं हाय. पिऊ मात्र नका.”

दिवाळीत ते गावी गेले. परतले तेव्हा कॉलेजात जाऊन आले आणि आमच्या ओसरीवर बसले. पत्नीने अनारसे ठेवले. त्यांनी बशी हातात घेतली नाही.

“लय स्वच्छ धुतल्या जी बाटल्या,” ते म्हणाले. “खिडकीत उलट्या करून ठेवल्या होत्या वाळाले. एकही फुटली नाई.”

मी प्राचार्यांना पत्र लिहिले. प्राचार्यांनी फोन करून, खोलीत नासलेल्या दुधाचा वास येत होता, असे सांगितले. वासाबद्दल लेखी तक्रार करण्याचा अधिकार सर राहत त्या घराच्या मालकाला, म्हणजे मला आहे, आणि मी ती केली होती. परंतु मी सरांच्या बाटल्या ओतल्या नव्हत्या, हे मी त्यांना ऐकविले.

थंडी सुरू झाली तशी गच्चीवर पुन्हा दूध तापू लागले. कॉलेजातली यंत्रे नव्हती. लिंबू, कापड, विजेरी होती. एका संध्याकाळी मी वर गेलो तर ते अंधार करून पेल्यात पाहत होते. रेघ दिसत होती, पण धूसर.

“गोळे झाले, पण भरीव,” ते म्हणाले. “पोकळ होईन. हात बसला का होईन.”

फ्रिजमधील बाटलीची मी आठवण दिली. ती आणून देऊ का, म्हणून विचारले.

“असू द्या. ते तुमच्याजवळच राहू द्या.”

भोगीच्या दिवशी सकाळी पत्नी बाजरीची भाकरी आणि भाजी घेऊन वर गेली आणि लगेच खाली आली. तिच्या हातातले ताट तसेच होते.

शोकसभेत व्यासपीठावर सरांचा फोटो होता. खिसा ओघळलेलाच होता. विजेरी कोणी फोटोतून काढून टाकली नव्हती, एवढेच समाधान. अध्यक्ष बोलले. तोच आवाज, तेच सभागृह. म्हणाले, “सरांच्या जाण्यानं आपल्या संस्थेत जी पोकळी निर्माण झाली हाय, ती कधीच भरून निघनार नाई.” लोकांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि माझ्या कानात सरांचा पोह्यांच्या गाडीवरचा आवाज होता. सर असते तर बाही ओढून म्हणाले असते, भरून निघत नाई त्याले पोकळी नाई म्हनत जी, भोक म्हनते.

गच्चीवरच्या खोल्या मी अद्याप कोणास दिलेल्या नाहीत. विचारणारे येतात. पत्नी म्हणते, “काऊन देत नाई हो? द्या ना कोनाले.” मी करारनाम्याच्या मसुद्याचे कारण सांगतो. गल्लीतील कुत्री अजूनही सकाळी जिन्याच्या तोंडाशी येऊन बसतात. त्यांची तकाकी गेली. गिरडचा तो दगड सरांच्या आईने मला ठेवून घ्यायला सांगितला. अंधार पडल्यावर कधी कधी मी ती बाटली फ्रिजमधून काढतो, माझ्या विजेरीचा झोत आरपार सोडतो आणि बाजूने डोळा लावतो. रेघ अजून उमटते. स्पष्ट, हळदीच्या पिवळ्यातून जाणारी. मग बाटली परत ठेवतो, कारण ती पुरावा आहे. कारण दुसरेही आहे, पण ते अर्जात लिहिण्यासारखे नाही.

म्हणून माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. संस्थेच्या अध्यक्षांनी येत्या वार्षिक सभेत, सर्व सभासदांसमोर, एका शब्दाचा अर्थ सांगावा. कार्यवृत्तातला ‘पोकळ’ आणि शोकसभेतली ‘पोकळी’ यांत त्यांना कोणता फरक अभिप्रेत होता? सचिवांना प्रयोगासाठी वेळ नव्हता. या वेळी तो काढावा. दोन पेले मी आणीन. लिंबू, सोडा, विजेरी मी आणीन. बाटली माझ्याकडे आहे. सभागृहातील दिवे मालवण्याची व्यवस्था तेवढी संस्थेने करावी. सोड्याच्या पेल्यातले लाल होईल तेव्हा ज्यांना हसायचे असेल त्यांनी हसावे, आणि ज्यांनी तो शब्द लिहविला त्यांनी तो तेथेच, सर्वांदेखत, खोडावा.

उत्तर मला टपालाने पाठवू नये. मी ते घेणार नाही. ते जेथे सरांना बसविले गेले, तेथे उभे राहून द्यावे.